दुसऱ्या बाजूचा श्वास

१

नारपोलीत आवाजाने कुणाची झोप मोडत नाही. आवाज थांबला की मोडते. केसरीनाथ म्हात्रेचा उभा जन्म या उलट्या रीतीत गेला. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर घर. खाली लूमा धडधडत असल्या की वर तो खुशाल घोरत पडायचा आणि लाइट गेली की दचकून उठून बसायचा. मागल्या वर्षी धंद्याने अगदीच मान टाकली, तेव्हा त्याने सगळ्या लूमा भंगारात दिल्या. खालची जागा रिकामी झाली. पण तोवर लूमांनी आपला हिस्सा उचलला होता. केसरीनाथचे कान गेले होते, आणि त्याची बायको सीताबाई, जी लग्न होऊन आली तेव्हापासून खाली बसून कांड्या भरत आली, तिच्या छातीत सुताची बारीक धूळ जाऊन बसली होती. जिना चढताना ती मध्येच कठडा धरून थांबायची आणि कुणी बघितलं तर पदर नीट करतेय असं दाखवायची.

दोघांचं बोलण्यावाचून मात्र कधी अडलं नाही. लूमांच्या त्या गदारोळात कोण कुणाचं ऐकणार? कारखान्यात सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. समोरचा बरोबर वाचतो. अट एकच, समोरच्याचं तोंड तुमच्याकडे पाहिजे. पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची तर त्याच्या पाठीत एक रिकामी कांडी फेकायची. बोटभर लाकूड ते, सूत गुंडाळून धोट्यात बसवायचं. लागतं, पण फार नाही. कांडी लागली की माणूस वळणारच, हा कारखान्याचा रिवाज. लूमा गेल्या तरी सीताबाईने एक कांडी खिडकीत ठेवून दिली होती, आणि केसरीनाथ पेपरात डोकं घालून बसला की ती नेमकी त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये येऊन बसायची. तिचा नेम अजून पक्का होता.

दिवाळीला लेकीने, भाविकाने, बापाला कानाची मशीनं आणून दिली. ती ठाण्याला दिलेली, नोकरी करणारी. बापाशी फोनवर ओरडून ओरडून तिचा घसा बसायचा. मशीनं कानात घातली आणि केसरीनाथला पहिल्यांदा काय ऐकू आलं, तर गॅसवर चहा उतू जायच्या आधी करतो तो आवाज. दुसरं, सीताबाई. ती ओट्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती आणि त्याने इकडून उत्तर दिलं. ती गर्रकन वळली.

"अवो! पाठमोरी बोलले तरी आयकलं तुमी?"

"आयकलं. भावेशला श्या देत हुतीस."

तेव्हापासून तिला नादच लागला. मुद्दाम पाठ फिरवून बोलायची. कांडी फेकायची, तोंड वळवायची कटकट गेली म्हणून लहान पोरीसारखी खूश होती.

आणि मग ती रेकॉर्ड आली. भावेश म्हणजे केसरीनाथचा पुतण्या. शेलारला त्याची गोदामं. एक भाडेकरू अर्धं सामान तसंच टाकून निघून गेला, त्यात विजेवर चालणारा एक रेकॉर्ड प्लेअर निघाला आणि एकच रेकॉर्ड. पाकीट नुसतं निळं, त्यावर ना चित्र ना नाव. "काका, तुला नवीन कान आल्यात, घेऊन जा," असं म्हणून भावेशने ते सगळं गाडीत टाकलं.

म्हात्र्यांच्या घरात गाणं म्हणजे हळदीचा डीजे, ज्याने छातीचा पिंजरा हलतो. हे तसलं नव्हतं. आधी ड्रम, पण बडवलेला नाही. जमिनीवर कुणी हलक्या हाताने झाडू फिरवावा तसा. मग जाड तारांचं काहीतरी, एकेक पायरी बघून उतरणारं. पियानो होता, तो मितभाषी, विचारलं तरच बोलणारा. आणि या सगळ्यावर पिपाणी. लग्नाच्या बँडात असते तीच, हे त्याने ओळखलं. पण बँडातली वरातीच्या मागे धावत सुटते, हिला कसली घाई नव्हती. एखादा सूर अशी धरून ठेवायची आणि अशी सोडायची, की केसरीनाथचे डोळे भरून आले. इतकं हळू काही या जगात चालू असतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, याचं त्याला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. रोज दुपारी जेवण झालं की तो प्लेअरपाशी खुर्ची ओढून बसायला लागला. सीताबाई जवळच भाजी निवडत बसायची. उत्तम कापडावर हात फिरवावा तसा तो त्या गाण्यांवरून कान फिरवायचा. कुठे तार तुटलेली नाही, कुठे गाठ नाही.

२

एका दुपारी कानाला खाज सुटली म्हणून त्याने दोन्ही मशीनं काढून टेबलावर ठेवली. रेकॉर्ड चालू होती, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. आवाज अर्थातच गेला. तबकडी फिरतेय, सुई चालतेय, आणि सगळं गप्प. त्याला गंमत वाटली. तो बघत बसला.

आणि त्याला श्वास ऐकू आला.

लांब, तोंडाने घेतलेला श्वास. पिपाणी वाजवणारा सूर धरायच्या आधी घेतो तो. मशीनं घातलेली असताना त्याने तो कितीदा ऐकला होता, त्याला आवडायचाही. पण आता मशीनं टेबलावर होती. समोर सीताबाई काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलत होते आणि त्याला तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

त्याने घाईने मशीनं चढवली. पिपाणीचा सूर निम्म्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम करून बघितलं. मशीनं घातली: ड्रम, पियानो, पिपाणी, श्वास, सगळं जागच्या जागी. मशीनं काढली: काही नाही, काही नाही, काही नाही, आणि त्या एका ठिकाणी श्वास.

केसरीनाथ खुळा नव्हता. कारखान्यात त्याला कुठली लूम बिघडलीय ते कानाने नाही, तळपायाने कळायचं, जमीन सांगायची. तसंच काहीतरी असणार. त्याने चप्पल काढून पाय लादीवर टेकवले. हात प्लेअरवर ठेवला. श्वास आला तेव्हा ना लादी हलली ना लाकूड. आणि दुसरी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, जी त्याला आवडली नाही. आवाज प्लेअरकडून येतच नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीत, एक लाकडी झडप होती. मालकाला वरूनच खालच्या लूमांवर नजर ठेवता यावी म्हणून त्याच्या बापाने केलेली. श्वास तिकडून येत होता.

"काय झालं? भूत बघितल्यासारकं काय बसलाय?" मशीनं चढवल्यावर सीताबाईचं बोलणं ऐकू आलं.

"काय न्हाय गो. कान नवीन हायत, सवय लागायची हाय."

३

रविवारी भाविका आली. बापाने तिला गाणं ऐकवलं तेव्हा ती हसायला लागली.

"बाबा, हे स्मूद जॅझ आहे! आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये लावतात असलं. आणि ती पिपाणी नाही, सॅक्सोफोन आहे."

"लिफ्टात? उभ्या उभ्या? आनि लोक चढून उतरून जातात?" केसरीनाथला खरोखर धक्का बसला होता. "बस. नीट आयक."

ती बसली. ऐकता ऐकता तिचंही हसू विरलं, मान हलायला लागली. "छान आहे हो," ती म्हणाली. त्याने तिला त्या श्वासाबद्दल विचारलं, सहज विचारावं तसं. भाविकाकडे उत्तर तयार होतं. माइक तोंडाजवळ असतो, वाजवणाऱ्याचा श्वास येतोच रेकॉर्डमध्ये, त्यात नवल ते काय. केसरीनाथला इतकं हायसं वाटलं की मशीनं काढल्यावरचं त्याने तिला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर ती त्याला परत कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली असती.

"मी मोबाइलवर घेते," भाविका म्हणाली आणि तिने ते गाणं फोनमध्ये भरून घेतलं. लगेच लावूनही बघितलं. सूर सगळे आले होते. श्वास आला नव्हता. "लांबून घेतलं ना," ती म्हणाली.

परत रेकॉर्ड लावली. शेवटच्या गाण्यात ती जागा आली आणि भाविका बापाकडे नाही, आईकडे बघायला लागली.

"आई, तू श्वास का रोखतेस?"

"मी? मी कशाला रोखू?"

"आता रोखलास. त्याने घेतला तसा तू पण घेतलास, आणि मग सूर संपेपर्यंत..."

"गानं आयकते मी. उगा काय तरी." सीताबाईने पदराने वारा घेतला.

जाताना भाविकाने विचारलं, रेकॉर्ड नेऊ का घरी, नवऱ्याला ऐकवते. केसरीनाथ पटकन नाही म्हणाला. एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात स्वतःसाठी ठेवली होती. मागाहून या नकाराची त्याला इतकी आठवण आली, की त्याने कपाळ बडवून घेतलं.

कारण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या मनात एक साधा हिशेब आला. माणूस श्वास घेतो तसा सोडतोही. रेकॉर्डवर सोडलेल्या श्वासाचा सूर होतो, ते ठीक. पण मशीनं काढल्यावर तो सूर त्याला ऐकू येत नव्हता. नुसतं घेणंच ऐकू येत होतं. खाली जो कोणी होता, त्याने सोडलेला श्वास केसरीनाथने एकदाही ऐकला नव्हता.

४

पुढच्या आठवड्यात श्वास लांबला.

घड्याळ लावून त्याने मोजला नव्हता. पण लूमवाल्याला ताल चुकलेला कळतो, तसं त्याला कळलं. सूर यायला हवा होता तिथे आला नाही. श्वास आत जातच राहिला. आणि कारखान्यातली पहिली शिकवण अशी की काही वेगळं वाटलं की आधी लूम थांबवायची, मग काय झालं ते बघायचं. आधी बघत बसलात तर हातभर कापड वाया जातं. केसरीनाथचा हात विचार न करता पुढे गेला आणि त्याने सुई उचलली.

खोली गप्प झाली. बाहेर गल्लीतल्या लूमा चालू होत्या, तरीही गप्प झाली.

सीताबाई समोर वाल सोलत बसली होती. तिची छाती फुगलेली होती आणि खांदे वर, कानांना लागतील इतके. बोटांत वालाचा दाणा धरलेला, तो तसाच. ती हलत नव्हती. डोळे त्याच्यावर खिळले होते आणि त्यात निव्वळ भीती होती.

"सीता? काय गो? पंप देऊ?"

त्याने तिचा दम्याचा पंप आणून तोंडाला लावला, दाबला. औषध तोंडातच राहिलं, बाहेर आलं. आत जायला जागाच नव्हती. आत सगळं भरलेलं होतं. त्याने तिचे खांदे दाबून खाली करायचा प्रयत्न केला. ते लोखंडाचे झाले होते. तिचा हात उचलला, तो उचलल्या जागी राहिला. तिचे ओठ जांभळे पडायला लागले आणि मग ते हलले. तेवढेच हलले. आवाज नाही, कारखान्यात बोलायचे तसे.

चालू करा.

त्याने सुई परत टेकवली. सॅक्सोफोनचा सूर आला, आणि सीताबाईच्या तोंडातून श्वास सुटला. सुरासोबत सुटला आणि सूर संपेपर्यंत सुटतच राहिला. दाणा बोटांतून पडला. ती पुढे वाकून रडायला लागली.

"आतून कोन तरी धरलं हुतं मना," ती म्हणाली. "गानं लागलं तवा सोडलं."

५

भावेशने सामान परत घेतलं. केसरीनाथने त्याला कारण सांगितलं नाही. झडपेवर त्याने तांदळाची गोणी आणून ठेवली. तिथे ती का, असं सीताबाईने विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही म्हणून तो अधिकच घाबरला.

रेकॉर्ड गेली, पण दुपार तर रोज येतच होती. त्या वेळेला तो मशीनं काढून ठेवायचा, घालून बसायचा, पुन्हा काढायचा. श्वास यायचाच, गोणीखालून. आणि सीताबाईचा श्वास त्याच्यामागे जायचा. आता ती गच्च होऊन बसत नव्हती. पण जेवढा आत जाई तेवढा बाहेर येईना. दर दिवशी थोडा आतच राहायचा. दोन दिवसांत तिला आडवं होता येईना. मग बोलता येईना. जुना रिवाज कामी आला. ती श्वास वाचवून नुसत्या ओठांनी बोलायची आणि तो तिच्या तोंडासमोरून हलत नसे.

निजामपुऱ्यातल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि समजावून सांगितलं. "हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. आत साठत जाते. छातीच्या अशा दुखण्यात होतं हे." केसरीनाथला त्या डॉक्टरचे पाय धरावेसे वाटले. म्हणजे याला नाव होतं. म्हणजे आपण दोन म्हातारी माणसं एकमेकांना घाबरवत बसलो होतो. त्याने नवी औषधं घेतली, रिक्षात बायकोचा हात धरला, आणि घरी येताच, मशीनं कानात असताना, गोणी ठेवलेल्या कोपऱ्यातून कुणीतरी श्वास घेतला. सीताबाईचे खांदे वर गेले.

तिने ओठांनी सांगितलं, आना ती.

तो शेलारला गेला. "काका, त्या दिवशी तर नको म्हनलास," भावेश वैतागून म्हणाला. केसरीनाथ प्लेअर आणि रेकॉर्ड उचलून निघाला. घरी येऊन त्याने दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं, आणि त्या लांब सुरावर सीताबाईने इतक्या दिवसांचा साठलेला श्वास सोडला. सोडता सोडता बसल्या जागी तिला झोप लागली.

मग तो नेमच झाला. रोज दुपारी रेकॉर्ड लावायची. पूर्ण वाजू द्यायची. मध्ये हात लावायचा नाही. आणि शुक्रवारी लावायची नाही. शुक्रवारी गल्लीतल्या लूमांना सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी लाइट कधीही जाते. इन्व्हर्टर होता, पण तो पंख्यापुरता आणि ट्यूबपुरता. श्वास घेतला आणि लाइट गेली तर काय, हा विचार केसरीनाथ पुरता करत नसे. शुक्रवार कसाबसा ढकलायचा आणि शनिवारी लवकर लावायची.

गाणं ऐकणं मात्र संपलं. तो खुर्चीत बसेनासा झाला. प्लेअरपाशी उभा राहायचा आणि सुईवर नजर ठेवायचा. इतकी सुंदर वस्तू, आणि तिची आता त्याला किळस यायला लागली होती.

६

तो शुक्रवार सकाळपासूनच वाईट होता. गल्ली ठप्प होती. लूमा बंद असल्या की नारपोलीतली भिंत न् भिंत ऐकायला लागते. सीताबाई पलंगाला टेकून बसली होती, खांदे उचललेले, मानेच्या शिरा ताठ. केसरीनाथने भाविकाला फोन केला. ती म्हणाली, "मी गाडी घेऊन निघते, आपण आईला इकडच्या हॉस्पिटलमध्ये आणू. पण बायपासला ट्रक अडकलेत, वेळ लागेल. तोवर तिला बसवून ठेवा."

तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता हे त्याला दिसत होतं. तिने ओठ हलवले. लावा.

"लाइट जाईल गो."

लावा.

त्याने लावली. ड्रमवर झाडू फिरला, जाड तारा पायऱ्या उतरल्या, पियानो काहीतरी बोलला. श्वास आला. आत, आत, अजून आत. सीताबाईची छाती त्याच्यासोबत वर गेली.

आणि लाइट गेली.

तबकडी मंदावत थांबली. वर इन्व्हर्टरवरचा पंखा आपला फिरत राहिला. सीताबाईचा पुतळा झाला.

केसरीनाथने तबकडीवर बोट ठेवलं आणि ती हाताने फिरवायला लागला. तार ओवताना लूमचं चाक हाताने फिरवतात; त्याच्या हाताला ताल माहीत होता. सुईतून डासाएवढा सूर निघाला. कानातल्या मशीनांनी तो पकडला. ताल चुकला नव्हता, सूर खरा होता. पण सीताबाईच्या तोंडातून श्वास सुटला नाही. तिचे ओठ काळे पडत चालले होते, आणि कोपऱ्यात, गोणीखाली, अजूनही कुणीतरी श्वास आत घेत होतं.

मग त्याला इतका राग आला की भीती मागे पडली. त्याने गोणी ओढून फेकली आणि झडप उचलली.

खाली दुपारचा उजेड होता. जाळीच्या खिडक्यांतून येणारा, धुळकट. जमिनीवर लूमांच्या जागी तेलाचे डाग आणि बोल्टांची भोकं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक पाठ होती. अंगावर कपडा होता की नव्हता, सांगता आलं नसतं. खांदे होते, ते कानांच्याही वर गेले होते आणि अजून वर जात होते, माणसाचे जाऊ शकत नाहीत इतके.

"सोड तिला!" तो ओरडला. खांदे वर जातच राहिले. कारखान्यात ओरडून कधी कुणी वळलं आहे?

त्याने खिडकीतली कांडी उचलली आणि नेम धरून फेकली.

कांडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. खांदे थांबले. आणि ते वळायला लागलं. कांडी लागल्यावर कुणीही वळतो तसं, सवयीने, सावकाश. केसरीनाथला गालाची कड दिसली. त्याने डोळे घट्ट मिटले, मान खाली झडपेत धरली, आणि आवाज न काढता, ओठ नीट दिसतील असे हलवून तो म्हणाला: तिला सोड. मना धर.

मागे पलंगावर सीताबाईचा श्वास सुटला.

७

तो डोळे मिटूनच मागे सरकला, उघड्या झडपेकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला, आणि मग त्याने डोळे उघडले. सीताबाई दोन्ही हातांनी छाती चाचपत होती. श्वास आत, श्वास बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कितीतरी वर्षांत तिला असा श्वास आला नव्हता. ती हसली, आणि तोही हसला. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

लाइट आली. पंख्याने वेग घेतला. सुई रेकॉर्डवरच होती. तबकडी फिरायला लागली, आणि त्याच्या हाताने ती जराशी मागे फिरली असावी, कारण प्लेअरमधून पुन्हा तोच श्वास आला. लांब. आत.

केसरीनाथची छाती त्याच्यासोबत भरत गेली. खांदे वर गेले.

त्याच्याकडे न बघता, प्लेअरवर नजर लावून सीताबाई ताडकन उठली. दोघांचे हात एकाच कारखान्यात तयार झालेले. आधी थांबवायचं, मग बघायचं. तिने दोन पावलांत प्लेअर गाठला आणि सूर सुरू व्हायच्या आत सुई उचलून बाजूला केली.

"जळो मेलं," ती म्हणाली. "आता पुन्यांदा लावायचं न्हाय. भाविका आली की तिच्या हातानं खाडीत फेकायला लावते."

चालू कर, केसरीनाथ म्हणाला. त्याचे ओठ हलले. दुसरं काहीच हललं नाही.

पण ती तोवर ओट्याकडे वळली होती. तिने पातेलं काढलं, नळ सोडला. आणि बोलायला लागली. थांबत नव्हती, धापा टाकत नव्हती. एका दमात लांबच्या लांब वाक्यं बोलत होती, लग्न होऊन आली तेव्हा बोलायची तशी. भाविकाला फोन करून सांगा, गाडी हळू चालवायला सांगा, आता घाई न्हाय. रात्री वालाचं बिरडं करते. जिना मी एका दमात चढून दाखवते तुमाला. कानातली मशीनं उत्तम चालली होती; त्याला तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सीता. चालू कर. सीता.

खिडकीत कांडी नव्हती.

"गप का झाला? आयकताय न?" सीताबाईने पाठमोरंच विचारलं आणि आलं ठेचायला घेतलं. "च्यायत आलं जास्त घालू का वो?"

आणि केसरीनाथच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कांडी येऊन लागली.